तीन वर्षांचं विमान

सकाळी गावच्या ग्रुपवर बॅनर आला. कोपऱ्यात एवढंसं विमान, मधोमध हात जोडलेले साहेब, खाली कार्यकर्त्यांचे पासपोर्ट साइझ चेहरे. कशाबद्दल आभार? तर विमानसेवेचा 'पाठपुरावा सुरू आहे'. अरे, पाठपुराव्याचेही जाहीर आभार आता?

आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचंच बघा. 2018 ला गणपतीच्या तोंडावर मूर्ती घेऊन चाचणीचं विमान उतरलं. 2019 च्या मार्चमध्ये, लोकसभेच्या तोंडावर, उद्घाटन. 9 ऑक्टोबर 2021 ला परत उद्घाटन, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे एकाच व्यासपीठावर, आणि श्रेयावरून जी जुंपली ती सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितली. एवढं झाल्यावर कुठे प्रवासी विमान आलं.

त्या विमानाने आमची आत्या मुंबईला आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. तिकीट अडीच हजारांच्या आसपास. पिशवीत कोकमाच्या आगळाची बाटली. तपासणीवरच्या पोराने ती बाहेर काढली तर ही त्यालाच म्हणे, "झिला, आगळ आसा, इख नाय!" बाटली सोडायला आलेल्या भाच्याकडे परत गेली. मुंबईत उतरल्यावर विमान कसं होतं विचारलं, तर ही आगळाचंच रडगाणं गात बसली. पण तासाभरात आली हो! रात्रभर गाडीत पाय सुजवत यायची ती बाई.

ऑक्टोबर 2024 मध्ये उडानची, म्हणजे केंद्राच्या स्वस्त विमानप्रवासाच्या योजनेची, तीन वर्षं भरली आणि मुंबईचं विमान बंद. दुसऱ्या डोळ्याला आत्या रात्रीच्या गाडीनेच आली.

उडानचं गणित असं: विमानातली निम्मी आसनं स्वस्त ठेवायची आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षं सरकारने भरायची. त्यातला 20 टक्के वाटा राज्याचा. बाकीचे पैसे मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार लावून काढतात, म्हणजे शेवटी कुणाच्या तरी तिकिटातूनच. चौथ्या वर्षाचं काय, ते कुणीच विचारत नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने 2023 मध्ये सांगितलंय: योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत 774 मार्ग वाटले, त्यातले 371 सुरू झाले, आणि तीन वर्षं संपल्यावरही चालू राहिले फक्त 54. फिती मात्र सगळीकडे कापल्या असणार.

हो, उडानमधल्याच बिहारच्या दरभंग्याला विमानं भरभरून जातात, मान्य. गोव्यातलं मोपा विमानतळ सुरू झाल्यावर आपलीच माणसं तिकडे वळली, तेही खरं. पण मोपा काय एका रात्रीत उगवलं? शेजारी एवढा मोठा विमानतळ होतोय हे चिपीवर पैसा ओतताना दिसत नव्हतं?

अनुदानाला माझा विरोध नाही. आत्यासारखीला त्या पैशातून एक तास सुखाचा मिळाला तर द्या की, माझ्याही खिशातून घ्या. राग याचा येतो की तो तास तिला मिळाला पाहिजे म्हणून कुणी काही केलंच नव्हतं. निवडणुकीआधी विमान उतरताना दिसलं पाहिजे, एवढंच होतं. आणि रस्त्याने जा म्हणावं, तर मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चालूच आहे!

आता कमेंटमध्ये 'तुमच्या साहेबांच्या काळात काय झालं' सुरू करू नका. 2019 चं उद्घाटन एकाचं, 2021 चं दुसऱ्याचं. आत्याने आयुष्यात दोघांनाही मत दिलंय. जिल्ह्यातला कुणी पदाधिकारी हे वाचत असेल तर त्याने एवढंच सांगावं: पुढचं विमान आणाल, तेव्हा चौथ्या वर्षाचे पैसे कोण देणार?