सीबीसीवरून लिम्फोमा ओळखायला शिकवणारा तो फॉरवर्ड

सीबीसी म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि या दोघांची सांगड घालणारा तो मेसेज परत फिरायला लागलाय. "मुलाच्या सीबीसीत लिम्फोसाइट वाढलेले दिसले की समजा लिम्फोमा, नॉर्मल असतील तर बिनधास्त राहा, आणि हा आजार इम्युनिटी कमी पडल्यानेच होतो म्हणून बूस्टर चालू ठेवा."

आधी त्या वाढलेल्या लिम्फोसाइटचं बघू. अहो, लहान मुलांत ते मोठ्यांपेक्षा जास्तच असतात, साधारण चार-पाच वर्षांपर्यंत तर न्यूट्रोफिलपेक्षाही (जंतूंशी लढणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त, आणि रिपोर्टवर मोठ्यांची रेंज छापलेली असली की 'हाय' दिसतं आणि घरात रडारड सुरू. साध्या व्हायरल तापातही ते वाढतात. उलट हॉजकिन नावाच्या लिम्फोमाच्या प्रकारात ते बऱ्याचदा कमीच होतात, मोठ्या माणसांच्या पसरलेल्या हॉजकिनमध्ये तर ६०० च्या खालचा आकडा धोका मोजायच्या यादीतच आहे. कधी इओसिनोफिल (आणखी एक पांढरी पेशी) वाढतात, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) चढतो, पण इओसिनोफिल तर जंतांनी न् अ‍ॅलर्जीनेही वाढतात.

"नॉर्मल असतील तर बिनधास्त" हे मात्र सगळ्यात घातक. लिम्फोमा बहुतेकदा गाठीत वाढतो, रक्तात उतरेलच असं नाही. हॉजकिनच्या गाठीतसुद्धा खऱ्या कॅन्सरच्या पेशी कितीशा, जेमतेम एखादा टक्का, बाकी सगळी गर्दी शरीराच्याच टी सेल (एका प्रकारचे लिम्फोसाइट), इओसिनोफिल वगैरेंची, त्यांना या मूठभर पेशींनीच बोलावून घेतलेलं असतं आणि पीडी-एल१ नावाचं प्रोटीन पुढे करून गप्प बसवलेलं असतं. हे सीबीसीत कुठून दिसणार? मानेत, काखेत न दुखणारी गाठ आठवडे झाले तरी बसत नसेल, वाढत असेल तर डॉक्टरला दाखवा, निदान बायोप्सीनेच, म्हणजे गाठ किंवा तिचा तुकडा काढून तपासूनच होतं. आणि त्याआधी आपल्या मनाने स्टिरॉइड देऊ नका, गाठ तात्पुरती बसते आणि बायोप्सीचा रिपोर्ट गोंधळात टाकतो.

राहिला बूस्टर. एचआयव्ही किंवा जन्मजात इम्युनोडेफिशियन्सी (प्रतिकारशक्तीतली उणीव) असेल तर लिम्फोमाचा धोका वाढतो हे खरं, पण लिम्फोमा झालेल्या बहुतेक मुलांना यातलं काहीच नसतं, आणि ज्यांना असतं त्यांचंही पावडरीने काय भलं होणार! इम्युनिटी खरी ढासळते ती केमोत. रिटुक्सिमॅब हे औषध दिलं तर बी सेल (अँटिबॉडी बनवणारे लिम्फोसाइट) कित्येक महिने जवळजवळ गायबच असतात. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली आणि अंगात ताप, असं झालं तर घरी काहीही चमचाभर पाजत बसू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा, तिथे अँटिबायोटिक लगेच सुरू व्हायला लागतं.