कुठला डोळा, ते तरी लिहा!

रात्रीचे अडीच. पाऊस कौलं फोडतोय, लाईट दोनदा जाऊन आली, आणि मी देवगडच्या माजघरात बसून अमेरिकेतल्या कुणाच्या तरी बुबुळाचा हिशेब लावतेय. तिथल्या डॉक्टरांच्या बिलांवर आजाराचे कोड घालून ती विमा कंपनीकडे पाठवायची, हे माझं काम. आणि क्लेम, म्हणजे विम्याचा दावा, पुन्हा परत! या आठवड्यातला तिसरा.

कारण तेच. डॉक्टरसाहेबांनी चार्टवर नुसतं 'अ‍ॅस्टिगमॅटिझम' खरडलंय, म्हणजे बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नाही, म्हणून धूसर दिसतं. अहो, कुठल्या डोळ्याला? नियमित की अनियमित? मग हाती उरतो एच५२.२०९ हा कोड. म्हणजे प्रकार ठाऊक नाही, डोळाही ठाऊक नाही. यावर पैसे कोण सोडणार? अनियमित असेल तर उजव्याला एच५२.२११, डाव्याला २१२, दोन्हींना २१३. दोन शब्द जास्त लिहायचे, बस्स!

त्यात या पेशंटला चक्क केरॅटोकोनस. बुबुळ सुळक्यासारखं पुढे आलंय, म्हणून तर स्क्लेरल लेन्स, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी कॉन्टॅक्ट लेन्स, दिली. मग एच१८.६ मधलं ते निदान आधी लिहा ना! नुसता नंबरचा दोष दिसला की विमावाले हात झटकतात, हा चष्म्याचा खर्च, आमचा नव्हे. शिवाय व्ही२५३१ हा एका लेन्सचा कोड. दोन दिल्या तर युनिट दोन. यांनी एक टाकलंय.

मेल केला की उत्तर येतं, 'प्लीज फिक्स'. काय फिक्स करू? मनाने डोळा घालू?

आई पाणी प्यायला उठली. "रातभर कोणाशी भांडतंस गो?"

"एका डोळ्याशी."

"खयच्या?"

"ताच तर लिवलेला नाय!"