पत्रावर सह्या चार होत्या, भाऊ

परवा बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या नेहमीच्या चहाच्या बैठकीत मथुरा खटल्याचा (मथुरा हे गाव नाही, मुलीचं नाव; पोलीस ठाण्यातल्या बलात्काराचा खटला) विषय निघाला आणि एक वकील मित्र (गुजराती आहे, माणूस एकदम दिलदार) म्हणाला की त्या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना लिहिलेलं ते गाजलेलं पत्र आमच्या उपेंद्र बक्षींनी लिहिलं. आता बक्षी मूळचे राजकोटचे, सुरतच्या विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले, अभिमान असणारच ने. पण सह्या चौघांच्या होत्या. बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. पहिले तिघं दिल्ली विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक आणि धागमवारबाई पुण्याच्या. टेबलावर आम्ही अर्धे लोक मराठी, पण हे चौथं नाव मी घेतल्यावर सगळे असे बघायला लागले जसं काही मी लांबच्या नात्यातल्या आत्याचं नाव घेतलंय. बडोद्यात सयाजीराव महाराजांवर बोलायला सांगा, तासभर कुणी थांबणार नाही. पण कायद्यावर आयुष्यभर काम केलेली आपलीच एक बाई कुणालाच माहीत नाही, याचा मला खरंच राग येतो.

खटला थोडक्यात सांगतो. मार्च १९७२, देसाईगंज पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. आईबाप नसलेली, मजुरी करणारी आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या मधलं. रात्रीची वेळ, घरचे बाहेर थांबलेले आणि आत दोन पोलीस. सेशन्स कोर्टानं दोघांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं परत सोडलं. का तर अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध केला नसणार. वर्षभरानं, सप्टेंबर १९७९ मध्ये, या चौघांनी थेट सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. भाषा सभ्य, पण एकेक वाक्य असं की वाचताना अंगावर काटा येतो. मुद्दा साधा होता. मुकाट्यानं सहन करणं वेगळं आणि संमती देणं वेगळं, हा फरक हायकोर्टाला कळला होता आणि सुप्रीम कोर्टानं तो पुसून टाकला. मग बायकांच्या संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या केसमध्ये संबंध आला हे सिद्ध झालं आणि बाई कोर्टात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टानं तसंच धरून चालायचं, आता उलटं सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची.

पण खरं सांगू का, मला त्या पत्रापेक्षा बाईंचं नंतरचं काम जास्त मोठं वाटतं आणि त्याचा संबंध सरळ आपल्या बडोद्याशी आहे. त्यांनी दिल्लीत 'मार्ग' नावाची संस्था काढली आणि सरदार सरोवरात ज्यांची गावं जाणार होती त्या मध्य प्रदेशातल्या लोकांकडे माणसं पाठवली. प्रश्न काय, तर धरण हवं का नको हा नाहीच. तुम्हाला काय सांगितलंय? तुमची कुठली जमीन जाणार माहीत आहे का? बदल्यात काय मिळणार ते कुणी सांगितलं का? अहवालांच्या नावातच हा प्रश्न आहे, यांना काय माहीत आहे.

हा प्रश्न का भारी आहे ते बघा. नर्मदा लवादाचा (नर्मदेच्या पाण्यावरून राज्यांमधला वाद सोडवायला नेमलेलं न्यायमंडळ) निवाडा १९७९ चाच. त्यात लिहिलंय की ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून जास्त जमीन जाईल त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, कमीत कमी २ हेक्टर, ती पण पाण्याखाली येणारी, आणि सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब. त्या काळाच्या मानानं उदार तरतूद होती. पण ज्याच्यासाठी लिहिली त्यालाच पत्ता नसेल तर तो मागणार काय आणि कुणाकडे? जमीन संपादनाची नोटीस गॅझेटमध्ये छापली की सरकार मोकळं. डोंगरात गॅझेट कोण वाचतं हो.

बडोद्याजवळ डभोईकडे या धरणाच्या विस्थापितांच्या वसाहती आहेत, कामानिमित्त माझं जाणं होतं. तिथे मला मराठी आणि गुजराती दोन्ही वाचता येतं म्हणून लोक कागद घेऊन येतात. एका आजींनी पॉलिथिनची पिशवी काढली, तोंडाला सुतळी बांधलेली, आत महाराष्ट्रातले जुने मराठी कागद, त्यावर इथला गुजराती सातबारा आणि मधे लाईटबिलं, लग्नपत्रिका सगळं एकत्र. धाकट्या मुलाचं नाव यादीत का नाही एवढंच त्यांना विचारायचं होतं. मुलगा त्या वेळी अठराचा होता का नव्हता, सगळी केस त्या एका तारखेवर. कचेरीत एवढ्या वर्षांत ती तारीख कुणी विचारली पण नव्हती, फक्त 'यादीमां नथी' म्हणून परत पाठवलं. मला तिथे बसल्या बसल्या धागमवारबाईच आठवल्या.

आणि हो, बाईंना कुठल्याच गटात बसवता येत नाही, ते मला फार आवडतं. १९८९ मध्ये त्यांनी समान नागरी कायद्यावरही पुस्तक लिहिलंय. आज फेसबुकवर असत्या तर दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या असत्या. २०१४ मध्ये गेल्या, आपल्या इथे बातमीची चर्चासुद्धा झालेली आठवत नाही.

मानवी हक्कांवर सेमिनार आपल्याकडे ढीगभर होतात, एसी हॉल, फाईल, पेन, शेवटी समोसा. लॉ फॅकल्टीच्या पोरांना माझं एवढंच म्हणणं आहे की एक रविवार सेमिनार बुडवा. डभोईची बस पकडा, वसाहतीत जा आणि तोच प्रश्न आता विचारून बघा, तुम्हाला काय सांगितलं होतं आणि काय मिळालं. गुजराती येणारा एक, मराठी येणारा एक अशी जोडी करा, कुणाला पावरी (पावरा आदिवासींची बोली) समजत असेल तर फारच उत्तम. कुणाला जायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, कुठे उतरायचं ते सांगतो.