तीन महिन्यांत ४०० गुण? त्या आलेखांवरची तारीख बघा

‘रोज तासभर बुद्धिबळाची कोडी सोडवा, तीन महिन्यांत रेटिंग ४०० गुणांनी वाढतं’ असा दावा फिरतोय. पुरावा म्हणून १२०० वरून थेट १५२० वर गेलेल्या फिडे रेटिंगचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ खेळाडूच्या ताकदीला देतो त्या आकड्याचे, आलेख दाखवले जातात.

ही उडी सरावाची नाही. १ मार्च २०२४ ला फिडेने २००० च्या खालची सगळी स्टँडर्ड (लांब वेळेच्या डावांची) रेटिंग एका सूत्राने वर उचलली: २००० आणि तुमचं रेटिंग यांतल्या फरकाचे ४० टक्के तुमच्या खात्यात. १२०० चे १५२० झाले, १५०० चे १७००. एकही डाव न खेळता!

दुसरी गोष्ट के-फॅक्टरची, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलेल हे ठरवणाऱ्या आकड्याची. फिडेच्या यादीत नव्याने आलेल्या खेळाडूचा तो ३० डाव होईपर्यंत ४० असतो, म्हणजे बरोबरीच्या खेळाडूला हरवलं की २० गुण. नंतर प्रौढांसाठी तो २० वर येतो आणि त्याच विजयाचे १० मिळतात. सुरुवातीचा वेग पुढे टिकत नाही, तो यामुळेही.

आणि ४०० गुण म्हणजे किती? इतका फरक असलेल्या दोघांत दहा डाव झाले, तर वरच्याने दहापैकी साधारण नऊ गुण (विजयाचा एक, बरोबरीचा अर्धा) घ्यावेत अशी अपेक्षा असते. एवढी मजल तीन महिन्यांत सहसा नवशिकेच मारतात, कारण त्यांचे बहुतेक डाव फुकट सोडलेल्या मोहऱ्यांनी जातात. ती गळती थांबवायला कोडी खरोखर उपयोगी पडतात. १८०० च्या खेळाडूने मात्र तसा हिशेब मांडू नये.