ग्राहकाला जाऊ देऊ नका

धंदा वाढवायचाय ना? मग आधी एक खुळी समजूत डोक्यातून काढून टाका. ग्राहक तुमच्या वेबसाइटवर काहीतरी घ्यायला, विचारायला येतो असं तुम्हाला वाटत असेल. छे! तो गुंतायला येतो. त्याला ‘एंगेज’ व्हायचं असतं. गेल्या मंगळवारी मी स्वतः पावणेतीन तास एंगेज होतो, त्यामुळे या विषयावर जरा अधिकारवाणीने बोलतोय.

मला हवं होतं एक चाक. मागवलेल्या खुर्चीला पाच पाय, पाच चाकं. खोक्यातल्या कागदावर ठळक छापलंय, ‘चाकं – ५ नग’. पिशवीत निघाली चार. थर्माकोल फोडून पाहिला, पुठ्ठ्याच्या घड्या उलगडल्या, शेवटी खोकं उलटं करून झटकलं. चारच. अशी खुर्ची उभी छान राहते हो, पण बसलेला माणूस जरा वळला की त्या अंगाला अशी काही कलते की टेबलाची कड धरावी लागते. माझ्यासारखा जुन्या वळणाचा माणूस अशा वेळी फोन नंबर शोधतो. तुम्ही तो कुठेही ठेवू नका. पहिला सल्ला हाच.

माणूस पानावर टेकतोय न टेकतोय तोच त्याच्या तोंडावर पॉप-अप फेका. अजून त्याने काही पाहिलेलं नाही, त्यामुळे ई-मेल मागायला याहून चांगला मुहूर्त नाही. बंद करायची फुली पांढऱ्यावर फिकट राखाडी ठेवा आणि नकार देणाऱ्याला ‘नको, मला पैसे वाचवायला आवडत नाही’ असंच बटण दाबायला लावा. हॅरी ब्रिग्नल नावाच्या डिझायनरने २०१० साली असल्या क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ असं नाव ठेवलं. लोक नावं ठेवतातच, आपण धंदा बघावा. पॉप-अप जाहिरातीचं कोड लिहिणाऱ्या ईथन झुकरमन यांनी तर २०१४ साली जाहीर माफी मागितली. जाहिरातीचा आणि ती ज्या पानावर झळकते त्या पानाचा संबंध कुणी जोडू नये, म्हणून ती वेगळ्या खिडकीत उघडायची, एवढाच त्यांचा हेतू होता म्हणे. इतक्या गुणी माणसाने असं हळवं व्हायला नको होतं.

ग्राहकाची नोंद ठेवणाऱ्या कुकी फाइलींची परवानगी मागणाऱ्या पट्टीवर ‘स्वीकारा’ ढळढळीत हिरवं, ‘नाकारा’ तीन पानं आत.

नोटिफिकेशनची परवानगी आल्याआल्या मागा. फायरफॉक्स या ब्राउझरने २०२०च्या सुरुवातीला, वाचकाने पानावर काही दाबल्याशिवाय ही परवानगीची चौकट उघडणंच बंद केलं. काय बिघडलं? आधी काहीतरी दाबायला लावा.

घाई माजवा. ‘हे उत्पादन आत्ता २३ जण पाहत आहेत!’ मी तेच पान दुसऱ्या खिडकीत उघडलं तर तिथे ४१ जण पाहत होते. बाजूला दहा मिनिटांचं उलटं घड्याळ. संपू दिलं, पान रिफ्रेश केलं, पुन्हा दहा मिनिटं. आयुष्यात इतर कुठे अशी सोय आहे सांगा.

आणि चक्र. चक्र हवंच. मी चाकासाठी तडफडतोय आणि समोर रंगीबेरंगी चाक गरगरतंय, ‘फिरवा आणि जिंका!’ मागितलं ते मिळालं म्हणायचं. फिरवलं. पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट लागली. ते कुठे थांबणार हे फिरण्याआधीच ठरलेलं असतं, कुठलं घर किती टक्के वेळा लागावं हे मालकाला सेटिंगमध्ये भरता येतं. म्हणजे नशीबही त्यांचंच. पण पुढच्या खरेदीवर म्हणजे? आणखी एक खुर्ची घेऊ आणि तिचं चाक काढून हिला लावू?

असो. या सगळ्या आरतीनंतर देवाचं दर्शन, म्हणजे चॅटबॉट. उजव्या कोपऱ्यात खाली, हसऱ्या मुलीचं चित्र, ‘मी तुमची मदतनीस! काहीही विचारा.’ मी लिहिलं, ‘खुर्चीचं एक चाक आलेलं नाही.’ तीन ठिपके नाचले. हे ठिपके फार महत्त्वाचे. उत्तर तयारच असतं, पण ते लगेच दिलं तर यंत्र वाटेल, म्हणून मुद्दाम दोन सेकंद टंकल्याचं नाटक करायची सोय असते. नाटक झालं आणि उत्तर आलं, ‘खुर्च्या पाहायच्या आहेत? छान!’ खाली तीन खुर्च्या. मधली माझीच. चित्रात पाच चाकं.

मग चार पर्याय. ‘ऑर्डर कुठे आहे’ दाबलं, तर ‘आनंदाची बातमी! आपली ऑर्डर पोहोचली आहे.’ ‘परत करायचं आहे’ दाबलं, तर खोकं न उघडलेलं हवं. खोकं न उघडता चाक नाही हे मला कळणार कसं? ‘ऑफर्स’ला हात लावला नाही. ‘इतर’ दाबलं तर ‘मी आपली काय मदत करू?’ आणि पुन्हा तेच चार पर्याय. ऑर्डर क्रमांक सात वेळा मागितला. सात वेळा दिला. लॉगिन करून बसलोय मी, नाव तिथे वर दिसतंय, तरी! सहाव्यांदा मात्र खोक्यावरचा लांबलचक क्रमांक हवा होता, म्हणून टेबलाखाली वाकलो, चष्मा वर केला, एकेक आकडा पाठ केला आणि वर आलो तर खिडकीत, ‘आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने संभाषण बंद करत आहोत. आपला अनुभव कसा वाटला?’ पाच तारे, नाचणारे.

‘माणसाशी बोलायचंय’ असं लिहिलं. ‘नक्की! आपल्या पुढे १४ जण आहेत.’ चौदाचे नऊ झाले, नवाचे दोन झाले, दोनाचा एक झाला. मग ‘आमची कामकाजाची वेळ संपली आहे.’

सगळ्यात कळस म्हणजे, नंतरच्या एका खेपेला बयेने चक्क कबूल केलं की चाक दोन दिवसांत पाठवतो. तक्रार क्रमांकही दिला. दोन दिवसांनी तोच क्रमांक त्याच खिडकीत टाकला, तर ‘हा क्रमांक वैध नाही.’ म्हणजे स्वतःचंच बोलणं स्वतःला मान्य नाही. कॅनडात असंच एक प्रकरण थेट लवादापर्यंत गेलं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की नातलगाच्या मृत्यूमुळे करायच्या प्रवासावरची सवलत नंतर अर्ज करूनही मिळेल. मिळाली नाही. कंपनीने काय बाजू मांडावी? चॅटबॉट ही स्वतंत्र हस्ती आहे, तिच्या बोलण्याला तीच जबाबदार! ब्रिटिश कोलंबियाच्या लवादाने २०२४ साली सुनावलं की वेबसाइटवरचं सगळं तुमचंच, मग ते साधं पान असो की बॉट, आणि नुकसानभरपाई द्यायला लावली. इतकं साधं सांगायला लवाद बसवावा लागला.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वाइझेनबॉम यांनी ‘एलिझा’ नावाचा गप्पा मारणारा प्रोग्रॅम लिहिला होता. तिला ओ की ठो कळत नव्हतं, समोरच्याचंच वाक्य उलटवून ती प्रश्न विचारायची. तरी निदान त्याच्याच विषयावर! मी तिला चाक म्हणालो असतो तर तिने विचारलं असतं, चाक आलं नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय का? हो, बाई, वाटतंय.

पुढचा सल्ला अभिप्रायाबद्दल होता. तो राहू दे. सल्ले पुरे झाले.

मला राग बॉटचा नाही. त्याला शिकवलं तेवढं तो बोलतो. राग येतो तो शिकवणाऱ्यांचा. माझे पावणेतीन तास तुमच्या आकडेवारीच्या डॅशबोर्डवर कसे दिसले असतील, मला ठाऊक आहे. १६५ मिनिटं, अमुक इतके क्लिक, एंगेजमेंटला हिरवा बाण वर. कुणीतरी तो बाण मीटिंगमध्ये दाखवलाही असेल. तुमच्या नावाने बोटं मोडणारा माणूस तुमच्या तक्त्यात सर्वांत गुंतलेला ग्राहक म्हणून बसलाय, आणि तुम्हाला त्यात काही खटकत नाही?

पान पुन्हा न उघडता सर्व्हरशी बोलायच्या तंत्राला २००५ साली एजॅक्स हे नाव मिळालं. त्याच तंत्राने नकाशे जागच्या जागी सरकायला लागले, दोन अक्षरं टाकली की खाली शब्द सुचायला लागले. माणसाचे कष्ट वाचले. तुम्ही तेच तंत्र घेतलंत आणि काय बनवलंत? गरगरतं चक्र. खुर्चीचं चित्र तुमच्याकडे आहे, भागांची यादी आहे, ऑर्डर आहे, माझा पत्ता आहे. ‘यातलं काय आलं नाही, त्यावर टिचकी मारा’ एवढं एक पान करायला किती दिवस लागतात? हाताशी डेव्हलपर आहेत तुमच्या, पॉप-अपची फुली फिकट करायला त्यांना वेळ मिळतोच की! ते होत नसेल तर एक फोन नंबर छापा आणि तो उचलायला माणूस ठेवा. त्याला पगार द्या. तेवढं जमत नसेल तर ‘संवाद’ हा शब्द तरी साइटवरून काढा. बोलायचं सगळं तुम्हीच, ऐकायला कुणी नाही, याला संवाद म्हणत नाहीत.

आणि माझं चाक पाठवा. ऑर्डर क्रमांक तुमच्याकडे आहे. सात वेळा दिलाय.