दापोली–हर्णै–बुरोंडी सायकल फेरीबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. मध्यम फेरी म्हणून सांगितली आणि शेवटी बुरोंडीचा चढ माथी मारला, फेरी उलट दिशेने, म्हणजे आधी बुरोंडी आणि मग हर्णै अशी, आखली असती तर दमछाक झाली नसती, वाटेत धड हॉटेल नाही आणि टेम्पोचे वेगळे पैसे घेतले, असं तुम्ही लिहिलं आहे. वहिनींना चढावर भोवळ आल्यासारखं झालं हे वाचून वाईट वाटलं. आता त्यांना बरं असेल अशी आशा करतो. पण दिशेबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण तुमचं वाचून उद्या कोणी फेरी उलटी मारली तर त्याला ती जास्त जड जाईल.

दापोली समुद्रापासून साधारण दोनशे मीटर उंच. त्यामुळे इथून निघून किनाऱ्यावर जायचं आणि परत यायचं, तर शेवटी चढ येणारच, मग दिशा कुठलीही धरा. ठरवायचं एवढंच, की कुठला चढ घ्यायचा. हर्णैहून आसूदमार्गे वर येणारा रस्ता वळणावळणाचा, अरुंद, आणि दापोली-हर्णै वाहतूक सगळी त्यावरून. दमलेला माणूस सायकल वाकडीतिकडी चालवतो. तशात मागून पर्यटकांची गाडी किंवा मासळीचा टेम्पो आला तर बाजूला व्हायला जागा नाही. बुरोंडीकडून वर येणारा रस्ता त्यामानाने मोकळा आहे. उतरून सायकल ढकलत चालायचं म्हटलं तरी भीती वाटत नाही.

दुसरं कारण वारा. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून येणारे मतलई वारे मंद असतात, किनारा शांत असतो. ऊन तापलं की समुद्रावरून खारे वारे सुटतात, आणि ते आमच्याकडे वायव्येकडून येतात. हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर अशा क्रमाने दक्षिणेकडे गेलात तर वारा पाठीशी राहतो. उलट गेलात तर तोच वारा तोंडावर घेऊन हर्णैपर्यंत जायचं आणि मग आसूदचा घाट चढायचा. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या फेरीत हा फरक मांड्यांना चांगलाच कळतो.

आसूदचा उतार सकाळीच उतरावा असं आम्ही सांगतो, तेही याच हिशोबाने. तिथे नारळी-पोफळीची इतकी दाट सावली आहे की रस्ता उशिरापर्यंत ओला राहतो. दवाने भिजलेल्या पोफळीच्या विऱ्या, म्हणजे गळलेल्या पानांचे रुंद देठ, वळणावर पडलेल्या असतात आणि त्यावर चाक सरकतं. म्हणून दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत, सावकाश उतरायचं. खाली बागांतून पाटाचं पाणी वाहतं. तिथे थांबून केशवराजाच्या देवळापर्यंत पायी जाऊन यावं. माझ्या मते ही फेरी आखण्याचं निम्मं कारण आसूदच आहे. हर्णै बंदरात सकाळचा मासळीचा लिलाव पाहावा, मात्र सायकल हातात धरून. टेम्पोतून गळणारं बर्फाचं पाणी रस्त्यावर पसरलेलं असतं आणि बारीक टायर त्यावर टिकत नाही. रोड बाईक मागितली असताना आम्ही तुम्हाला जाड टायरची हायब्रिड दिली, त्यामागे हेच होतं.

या सगळ्यासाठी सकाळी सहाला निघावं लागतं. तुम्ही निघालात साडेआठला. त्यामुळे लाडघर सोडेपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि बुरोंडीचा चढ भर दुपारी आला. सुट्टीला आलेल्या माणसाला पहाटे उठणं नको वाटतं, हे मी समजू शकतो. पण तोच चढ दहाच्या आत, छोट्या गिअरवर, मध्ये दोनदा थांबून नियमित सायकल न चालवणारी माणसंही चढतात. आम्ही फेरीला मध्यम म्हणतो ते सहाला निघणाऱ्यासाठी. बुकिंगनंतर पाठवलेल्या नकाशात हा चढ लाल रेघेने दाखवला आहे आणि निघण्याची वेळही लिहिली आहे.

हॉटेलांचं तुमचं म्हणणं खरं आहे. वाड्यावस्त्यांतून जाणारी वाट आम्ही मुद्दाम धरतो आणि तिथे टपरीपलीकडे काही नसतं. आसूदला एका घरी घावन-चटणी मिळते, पण आदल्या संध्याकाळी कळवावं लागतं. त्या गावात कोणी गिऱ्हाइकाची वाट पाहत चूल पेटवून बसत नाही. पाण्याच्या दोन बाटल्या, गूळ-शेंगदाणे आणि केळी सोबत ठेवली तर मुरुडपर्यंत अडचण येत नाही. मुरुड आणि कर्द्याला शहाळी, कोकम सरबत, जेवण सगळं मिळतं.

टेम्पोचं म्हणाल, तर ते भाडं चालकाचं. तो दापोलीहून रिकामा खाली आला आणि तुम्हाला दोघांना सायकलींसकट वर घेऊन गेला. दर फोनवर आधी सांगितला होता आणि त्यात आमचा एक रुपयाही नाही. ते भाडं त्याच्याकडून परत मागणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून मागणार नाही.

वहिनींना पुन्हा यायचं असेल तर दापोलीला न राहता मुरुडला मुक्काम करा. सायकली आम्ही तिथे पोचवू, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मुरुडहून हर्णै आणि परत, मग कर्दे आणि परत, एवढंच करा. कर्द्याच्या पुढे लाडघरकडे जाताना टेकाड लागतं, तिथून मागे फिरा. शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा सोडून आलात तर रस्ताही मोकळा मिळेल.