हॉटेलातल्या टाकीत कोणते मासे? आधी बोअरचं पाणी बघा

अंजनगावकडच्या एका भावाचा परवा रात्री व्हॉट्सअॅपवर फोटो आला. नवीन हॉटेल, काउंटरच्या मागे पाच फुटांची काचेची टाकी, आणि खाली प्रश्न: "ताई, अरोवाना सोडू का गोल्डफिश? उद्घाटन आखाजीले हाय." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, ऐन उन्हाळ्यात. मी विचारलं, पाणी कोणतं आहे तुझ्याकडे? त्याला वाटलं, मी गिऱ्हाइकांच्या प्यायच्या पाण्याचं विचारतेय. "आरओ लावलं ना ताई," म्हणाला.

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. हॉटेलातल्या टाकीसाठी मासा निवडताना रंग, किंमत, वास्तू सगळं नंतर. आधी आपल्या जमिनीतलं पाणी आणि आपला मे महिना बघायचा. या दोन्हींत जो मासा सुखानं जगेल, तोच आपला.

आमचं हॉटेल दर्यापूर-मूर्तिजापूर रस्त्यावर, म्हणजे भर खारपाणपट्ट्यात. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. आमच्या बोअरच्या पाण्यात मीटर बुडवलं तर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरमागे २३०० मिलिग्रॅम दाखवतं. प्यायच्या पाण्याला दुसरा स्रोत नसेल तरी सरकारी मानकाची कमाल मर्यादा २००० आहे. या पाण्यानं डाळ शिजत नाही, चहा फाटतो. आणि आम्ही सहा वर्षांपूर्वी त्यातच मासे सोडले होते.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर. शहरातल्या दुकानदारानं आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश दिले. काळा मासा घरावरचं संकट स्वतःवर घेतो, असं सांगून. सोबत दोन 'शार्क' आणि मूठभर निऑन टेट्रा. निऑन दोन दिवसांत गेले. ते अॅमेझॉनच्या खोऱ्यातले, अगदी मऊ आणि किंचित आंबट पाण्यातले जीव, आमच्या पाण्यात किती टिकणार? गोल्डफिशनं मार्चपर्यंत काढलं. मग एप्रिलमध्ये एका दुपारी दीर म्हणाले, "वहिनी, हे मासे वर येऊन येऊन तोंड काहून मारून राह्यले वो?" आम्हाला वाटलं भूक लागली असेल. आणखी खाद्य टाकलं.

त्यांचा श्वास कोंडत होता, हे मला फार उशिरा कळलं. पाणी तापलं की त्यात हवा कमी विरघळते. वीस अंशांच्या एका लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, बत्तीस अंशांच्या पाण्यात सातच्या थोडा वर. त्यात गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि गोल्डफिश तर मुळातच थंड पाण्यातला, वीस-बावीस अंशांत खूश राहणारा. बाहेर पारा ४५ ला टेकला की आमच्या हॉलमधलं टाकीचं पाणी ३३ वर जातं. शिवाय आम्ही टाकलेलं खाद्य तळाशी सडून त्याचा अमोनिया होत होता, आणि पाणी जितकं अल्कधर्मी आणि जितकं गरम, तितका तोच अमोनिया जास्त विषारी. आमचं पाणी दोन्ही होतं. संकट घेणारा काळा मासा सगळ्यात आधी गेला. त्या नऊ माशांचं मला अजून वाईट वाटतं. नीट ठेवला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो. आमच्याकडे त्यांना सहा महिनेही मिळाले नाहीत.

उत्तर सापडलं ते हॉटेलाच्या मागच्या हौदात. डेंग्यूची साथ होती तेव्हा आशाताईंनी आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून त्यात सोडले होते, डासांच्या अळ्या खायला. कोणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही, खाद्य दिलं नाही, पंप नाही, काही नाही. जून उजाडला तर पिल्लांसकट हौद भरलेला! तेच बोअरचं पाणी, तीच गर्मी. मग वाचायला लागले. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे सगळे एकाच गोतातले, पिल्लं घालणारे मासे. यांना जड, म्हणजे जास्त क्षारांचं, पाणी मानवतं. मॉली तर मेक्सिकोच्या किनाऱ्याकडे नदी समुद्राला मिळते तिथल्या मचूळ पाण्यातही राहते. म्हणजे ज्या पाण्याला आपण जन्मभर शिव्या घातल्या, ते तिच्या सवयीचं.

आज आमच्या टाकीत चाळीसेक मॉली आहेत. काळ्या, केशरी, पांढऱ्यावर ठिपके असलेल्या, आणि काही उंच पंखवाल्या. एका नराला दोन-तीन माद्या हे प्रमाण ठेवा, नाहीतर नर माद्यांना जगू देत नाहीत. मागच्या काचेला गडद निळा कागद लावलाय, त्यावर केशरी रंग आठ फुटांवरच्या टेबलावरूनही उठून दिसतो. हॉटेलात मासा दिवसा, मधल्या पाण्यात हलता-फिरता दिसला पाहिजे. दगडाखाली लपणारी मांगूर जात कितीही सुंदर असो, जेवायला आलेल्या माणसाला ती दिसत नाही. मॉली दिवसभर काचेवरचं शेवाळ खरवडत असते. जवळ जाऊन बघा, तिचे ओठ कसे बाहेर येऊन काचेला टेकतात आणि मागे हिरव्यात बारीक पांढरी वाट उमटते. जेवण यायला उशीर झाला की लहान पोरं तिथेच नाक लावून उभी राहतात. उकडलेल्या पालकाचं एक पान सोडलं की टाकीभर धावपळ.

गोड पाण्याचा भाग असेल तर निळा गुरामी घ्या. त्याला पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेता येते, लाइन गेली तरी लगेच गुदमरत नाही.

आता अरोवाना. भाऊ, तो दोन-तीन फुटांचा होतो आणि उडी मारतो. पाच फुटांच्या टाकीत त्याला धड वळताही येत नाही. हजारोंचा मासा एका कोपऱ्यात थिजून उभा, हे बघत गिऱ्हाईक जेवतं. मला ते बघवत नाही. 'शार्क' म्हणून विकतात तो पंगास, वाढला तर चार फुटांपर्यंत जातो. आणि गुलाबी-निळ्या रेघांचे काचमासे कृपा करून घेऊच नका. तो आपल्याच देशातला पारदर्शक मासा, त्याच्या अंगात सुईनं रंग टोचलेला असतो.

एक चूक आमच्या हातून मॉली आणल्यावरही झाली. पावसाळ्यात मच्छर वाढले म्हणून कामावरच्या पोरानं रात्री टाकीच्या खालच्या खणात कॉइल लावली. हवेचा पंप तिथेच. रात्रभर तो धूर ओढून पाण्यात सोडत राहिला. कॉइल, लिक्विड, स्प्रे यांतली पायरेथ्रॉइड औषधं माशांसाठी जहर आहेत. सकाळी अकरा मॉली उताण्या. ते पोरगं दिवसभर जेवलं नाही. चूक माझी होती, मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. आता त्या खणावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय.

पंप इन्व्हर्टरवर घ्या, फ्रीजच्या आधी. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. मात्र त्यानं पाणी भराभर उडतं, आणि उडतं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. तूट बोअरच्या पाण्यानं भरत गेलात तर महिन्याभरात मॉलीलाही जड जाईल. तूट आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं भरा. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असतं, ते चोवीस तास उघडं ठेवून मगच घाला. आणि मासे कंटाळा आला म्हणून नाल्यात किंवा धरणात सोडू नका, मॉलीसुद्धा नको. तिथल्या माशांच्या तोंडचा घास जातो.

आखाजीच्या भावाला मी सांगितलंय की उद्घाटनाला नुसती पाण्याची, झाडांची, दिव्याची टाकी ठेव. फिल्टर चालू राहू दे, आणि अधूनमधून चिमूटभर खाद्य टाक, ते सडून थोडा अमोनिया झाला तरच त्याला पचवणारे जीवाणू वाढतात. ते तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मासे पाऊस पडल्यावर, पाणी गार झालं की. तो थोडा हिरमुसला, पण "बरं ताई" म्हणाला.

आमच्याकडे पिल्लं फार झालीत. आपल्या भागात कोणाचं हॉटेल असेल, टाकी तयार असेल, तर जुलैत येऊन घेऊन जा. पैसे नकोत. सोबत आमच्या फिल्टरचा जुना स्पंजही अर्धा कापून देते, त्यात तेच अमोनिया पचवणारे जीवाणू असतात, तो ओलाच न्या, वाटेत वाळू देऊ नका.